गाण्यात नाही ते

भर वरातीत ललितने सॅक्सोफोनवर गाण्याच्या मधेच स्वतःच्या चार ताना घुसवल्या, तेव्हा धुळ्याच्या त्या बॅन्डचे मालक पुना आबा यांनी नवरदेवासमोरच त्याच्या कानाखाली आवाज काढला आणि वाद्य हिसकावून घेतलं. "गानामा नई ते वाजाडानं नई!"

गाण्यात नाही ते वाजवूनच ललित पुढे जॅझमध्ये जगभर गाजला. गालावरचा चटका मात्र गेला नाही. आबांच्या बॅन्डला पन्नास वर्षं झाली, कार्यक्रमाचं निमंत्रण आलं आणि धुळेभर 'पुना आबांचा शिष्य' असे फलक झळकले, तेव्हा तो लगेच हो म्हणाला. आबांची अब्रू भर मांडवात घालवायची, हे त्याने तेव्हाच ठरवलं.

पार जळगाव-नाशिकहून जॅझचे दर्दी आले होते. ललितने तेच वरातीचं गाणं घेतलं आणि आबांनी शिकवलं होतं तसंच, एकही सूर इकडचा तिकडे न करता वाजवलं. संपलं, की पुन्हा तेच. मग आणखी एकदा तेच. "हे तर आम्ही प्रत्येक लग्नात ऐकतो," म्हणत लोक उठायला लागले. मांडव रिकामा झाला, तसा ललित मोठ्या हौसेने आबांचा पडलेला चेहरा बघायला पहिल्या रांगेकडे वळला.



आबांचे डोळे भरून आले होते. जवळ येऊन, हात त्याच्या त्याच गालावरून फिरवत ते म्हणाले, "एक बी सूर इकडना तिकडे नई! आते शिकना रे तू!"