आखूड धावपट्टी

जत्रा आली की बाबासोंना बेंगळुरूहून मुलाचा ठरलेला फोन यायचा, “आबा, कोल्हापूरची धावपट्टी आखूड, माझं विमान रद्द.” त्यांनी त्या कारणाचा कायमचा बंदोबस्त केला. धावपट्टी वाढवायला रान पाहिजे म्हटल्यावर विहिरीजवळचा शेताचा तुकडा हसत दिला. यंदा जत्रेदिवशी मोठं विमान वेळेवर कौलांवरून गडगडत उतरलं. त्या आवाजावर त्यांच्या म्हातारीनं चुलीवर तवा ठेवला. लेकाला भाकरी गरम हवी. तेवढ्यात बाबासोंचा फोन वाजला. “आबा, सांगायचं राहिलंच. मीटिंग निघाली, पुढच्या वर्षी नक्की.” फोन खिशात ठेवून बाबासो सवयीनं बोलून गेले, “विमान रद्द झालं गं.” “अवो, आत्ताच डोक्यावरनं गेलं की!” तवा तापून धुरावला, तरी म्हातारी पिठात हात घालेना. जुनी आखूड धावपट्टी परत मागायची तर अर्ज कुठल्या खात्याकडे करायचा, एवढंच बाबासोंना कळेना.