प्रमाण यकृत

एकाच वाटीतली द्राक्षं दोघांनी खाल्ली. इंदुमतीबाई ठणठणीत राहिल्या, त्यांच्या नवऱ्याचे, अप्पांचे, मात्र डोळे पिवळेधमक झाले.

"तुला विषसुद्धा घाबरतं," खाटेवरून अप्पा म्हणाले.

द्राक्षांत विष असल्याचा अहवाल आल्याशिवाय डॉक्टर उतारा देईनात. बाईंनी उरलेली द्राक्षं आपल्या जुन्या सरकारी प्रयोगशाळेत पाठवली होती; तिथे फोन लावला.

"बाई, द्राक्षं निर्धोक आहेत," त्यांचा विद्यार्थी कुडाळकर म्हणाला.

"अरे, तरुणपणी नमुना मिळेना म्हणून मी माझ्या पेशी दिल्या. त्यांतून वाढवलेल्या यकृतावर तुम्ही देशाचं अन्न तपासता. पण माझं यकृतच जगावेगळं आहे! दुसऱ्या कुणाचं घ्या."

"कायद्याने तेच प्रमाण आहे. प्रमाण बदलायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत." तो घुटमळला. "तुमच्यासाठी पुन्हा तपासतो, बाई."

"कशावर?"

"तुमच्यावरच."