एका पिनेच्या दोन वाटा

ताई घरी बसून डॉक्टरांची रेकॉर्ड केलेली टिपणं टाइप करायची. सहा वर्षं ती एकटीच राहत होती. स्पीकरवर काही शब्द नीट कळत नाहीत म्हणून धाकट्या भावाने एका दुपारी कॉम्प्युटरला स्पीकरबरोबर हेडफोनही जोडून दिला. एका पिनेच्या दोन वाटा केल्या. आवाज दोन्हीकडे सारखाच येणार होता.

पण तो सारखा नव्हता. स्पीकरवर डॉक्टर एकटेच बोलत. हेडफोनमध्ये त्यांच्या मागे आणखी कोणीतरी श्वास घेत असे. डॉक्टर बदलले, तरी श्वास तोच.

पहिले दोन दिवस ती घाबरली. तिसऱ्या दिवशी काम संपलं, तरी तिने हेडफोन काढला नाही. जेवली तीही तो कानांवर ठेवूनच.

रविवारी भाऊ आला, तेव्हा तिने त्याला सांगितलं. त्याने बराच वेळ ऐकून पाहिलं.

"मला तर काहीच ऐकू येत नाही, ताई. एवढा त्रास होतोय तर बदलूनच टाकू."

"अरे, त्रास होतो असं कुठे म्हणाले मी?"

तोवर त्याने हेडफोनची पिन उपसलीसुद्धा होती. "नवा घेऊन आलोच," म्हणत तो चपला घालून निघाला.

ताईने दार लावलं. घर पुन्हा पूर्वीसारखं गप्प झालं आणि तिला एकदम भरून आलं. वायर मोकळी लोंबत होती, तरी तिने हेडफोन कानांवर चढवला.

आत काहीच नव्हतं. जिन्यावरची भावाची पावलं विरली, तेव्हा कोणीतरी रोखून धरलेला श्वास सोडला आणि अगदी हळू विचारलं, "गेला का तो?"