लाखबंद लखोटा

सेहेचाळीसच्या नाताळात नगरला शाळेत शमुवेल मास्तरांचा फार्स रंगला. त्यांची विधवा भावजय दया ओठ आवळून बसली होती. तिच्याच ट्रंकेतल्या वहीतून त्यांनी तो उचलला होता. आमंत्रित पोस्टमास्तर हसत म्हणाले, "मास्तर, फार्समधला असला बढाईखोर कारभारी सापडला कुठे?" "घरातलाच नमुना, साहेब. रोज पाहतो." दया लाखबंद लखोटा घेऊन उठली. वकिलाच्या सल्ल्यावरून, तारखेचा पुरावा म्हणून, दोन वर्षांपूर्वी तिने फार्सची प्रत स्वतःलाच रजिस्टरने पाठवून तशीच बंद ठेवली होती. "शिक्का तुमच्याच कचेरीचा. तुम्हीच फोडा." "वहिनी, घरी बोलू," मास्तर पुटपुटले. "घरी वही मागितली, तेव्हा वेडी ठरवलंत, भाऊजी." लाख तडकली. पोस्टमास्तरांनी तारीख वाचली, मग आतली चिठ्ठी: "लेखिका दया. बढाईखोर कारभारी: आमचे शमुवेल भाऊजी." फार्सलाही पडला नव्हता एवढा हशा पडला. दयाने लाखेचे तुकडे पदरात वेचले.