मारिसिनाचं शिलाई मशीन

शेजारच्या अंगणातल्या लाकडी माचावर शिलाई मशीन सकाळपासून खडखडत होतं. ताराइया आपल्या दारात मासे विकायला बसली होती, पण कान तिकडेच होते. तिची चुलत बहीण मारिसिना शिवत होती आणि भोवती बायका टेकल्या होत्या. रविवारी चर्चचा सण. प्रत्येकीला चुणीदार सिबुता, म्हणजे सैल पोलकं, घालून जायचं होतं, आणि तो मारिसिनाच्याच हातचा.

"ताराइया, तुझ्याकडंही गिऱ्हाईक आलंय बघ," त्यातली एक म्हातारी म्हणाली.

माशांपाशी मांजर येऊन बसलं होतं. बायका हसल्या. मान खाली घालून मारिसिनाही हसली.

महिला मंडळाच्या शिवणवर्गाला दोघी बरोबरच जात होत्या. ताराइयानं कंटाळून मध्येच सोडला. वर्ग पुरा केला म्हणून मशीन मारिसिनाला मिळालं. नवऱ्याची जहाजावरची नोकरी सुटल्यापासून तिचं घर त्यावरच चालत होतं. हे ताराइयाला ठाऊक होतं.

तिनं हात धुतले, शेजारी गेली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "मारिसिना, बुबुसी करायला आलेय. मशीन दे मला."

बुबुसी म्हणून रक्ताच्या माणसानं मागितलं, तर नाही म्हणता येत नाही. नाही म्हणणाऱ्याला गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही. म्हणूनच शहाणं माणूस कुणाची होडी मागत नाही, जाळं मागत नाही.

मारिसिनानं चालू शिवण पुरी केली. दोरा दातानं तोडला.

"ने की, ताई," ती म्हणाली. तेलाची बाटली आणि सुयांची डबीही तिनं दिली. मशीन जड होतं, तेव्हा एका बाजूनं उचलून ताराइयाच्या माचापर्यंत आणून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बायका ताराइयाकडे आल्या. तिच्या चुण्या एकीकडे दाटल्या, एकीकडे विरल्या. आपापलं कापड उचलून त्या घरी हातानं शिवायला गेल्या.

आता मारिसिना उलट बुबुसी करणार, असं सगळे म्हणत होते. ताराइयाही वाट पाहत होती. तिनं मशीन पुसून, झाकून ठेवलं होतं. मारिसिनानं मागितलं की थोडी कुरकुर करायची आणि देऊन टाकायचं, असं तिनं ठरवलं होतं. मग पुन्हा सगळं पहिल्यासारखं.

शनिवारी मारिसिना आली. काखेत कापडाची घडी होती. लेकीसाठी सिबुता हवा होता, उद्याच घालायला.

"आधी वर ये, बस," ताराइया जागा करत म्हणाली. "चहा टाकते."

मारिसिना वर चढली नाही. कापड माचाच्या कडेला ठेवून ती खालीच उभी राहिली.

"शिलाई काय पडेल?" तिनं विचारलं.