बरोबर अर्थ

"उद्या त्यांचं एकही दुकान उभं दिसता कामा नये," असं नेते सभेत गरजले आणि दुसऱ्या दिवशी मोर्च्याने अख्खी बाजारपेठ पेटवली. त्यात एक म्हातारा शिंपी दुकानातच होरपळून गेला. पण पक्षाच्या प्रवक्त्याने टीव्हीवरच्या चर्चेत तासभर एकट्याने किल्ला लढवला. "साहेबांच्या शब्दांचा विपर्यास होतोय. दुकानं शांततेत बंद ठेवायला लावा, एवढंच त्यांना म्हणायचं होतं," हे त्याने सगळ्यांना पुरून उरत, पुन्हा पुन्हा घोटून सांगितलं.

कार्यक्रम संपला. मेकअपच्या खोलीत त्याच्या चेहऱ्यावरचा रंग पुसता पुसता तिथली बाई चाचरत म्हणाली, "सर, रागावणार नसाल तर एक विचारू? माझा धाकटा दीर होता त्या सभेला. परवा पोलिसांनी उचललं त्याला. तुम्ही आत्ता किती छान फोड करून सांगितलंत! तो पडला अडाणी, त्याने भलताच अर्थ घेतला हो. तुम्ही कोर्टात येऊन जजसाहेबांना एवढंच सांगाल का, की त्याची समजण्यात चूक झाली म्हणून?"

तासाभरात एकदाही न अडखळलेल्या प्रवक्त्याने गळ्याभोवतीचा टॉवेल ओढून काढला. "बघतो," एवढंच तो कसंबसं म्हणाला आणि अर्धा चेहरा तसाच रंगलेला घेऊन खुर्चीतून उठला.

ते भाषण त्यानेच लिहून दिलं होतं. आणि तिच्या दिराला ते अगदी बरोबर कळलं होतं.