सगळ्यांत दारू घातलीस ना?

वायोमिंगच्या माळावर वर्लिनचं घर. बत्तीस बोअरच्या आपल्या जुन्या रिव्हॉल्व्हरसाठी काडतुसं तो घरीच भरायचा. रिकाम्या पुंगळीत दारू मापून घालायची आणि वर शिशाची गोळी दाबून बसवायची. आज परसातला घेवडा फस्त करणाऱ्या सशांचा निकाल लावायचाच होता.

शेवटची गोळी बसली आणि बायको, मेव्हिस, दारात आली. "सगळ्यांत दारू घातलीस ना रे?"

वर्लिनचा हात थांबला. एखादं काडतूस बिनदारूचं निघालं, तर गोळी नळीतच अडकते आणि पुढच्या बाराला नळी फुटते.

"घातलीय गं. बहुतेक."

"मला काय, डोळे तुझे."

त्याने चार येरझाऱ्या घातल्या, खिडकीतून परसात पाहिलं, पुन्हा येरझाऱ्या घातल्या. मग निमूट बसून एकेक काडतूस ठोकून उघडलं. सगळ्यांत दारू होती.

"गेल्या रविवारीही होती," तो पुटपुटला. "त्याच्या आधीच्याही. पण तू विचारतेस ते बरं करतेस."

"विचारायला नको?" म्हणत मेव्हिस गाजरांची टोपली घेऊन परसात गेली. ससे पायरीपाशी वाट पाहत बसलेच होते.